पूलकऱ्यांच्या अलमारीची तक्रार

मित्रांनो, जुन्या वस्तू नेहमी गोड बोलतात असा तुमचा समज असेल, तर तो आधी डोक्यातून काढून टाका. मी साठ खणांची एक जुनी लाकडी अलमारी आहे आणि मी चांगलीच रागावलेली आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी ‘पूलकरी’ मालिकेचं पाचवं पुस्तक असेल. त्यात एक गोष्ट धडधडीत चुकीची छापली आहे. खरी गोष्ट माझ्या खणात होती, आजही आहे, आणि ती कशी डावलली गेली हे तुम्हाला सांगायला माझ्याशिवाय कुणी पुढे आलेलं नाही.

पण सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, कोण ही उपटसुंभ?

मला एका ग्रंथालयासाठी घडवलं. माझा सुतार फार कमी बोलायचा आणि फार वेळ घ्यायचा. साठ खण त्याने खिळा न मारता, कोपऱ्यांतल्या खाचा एकमेकींत गुंतवून जोडले. प्रत्येक खण त्याने साठही जागी घालून पाहिला. कुठलाही खण कुठेही सरकन बसला पाहिजे, हा त्याचा हट्ट होता. माल न्यायला आलेला ग्रंथपाल कंटाळून म्हणाला, एवढं कशाला? सुतार खणांच्या कडांना मेण चोळत राहिला. त्याच्या या कसबाचा मला तेव्हा फार अभिमान होता. पुढे त्या कसबानेच माझा घात केला, पण त्यात सुताराचा काय दोष?

ग्रंथालयात मी सव्वीस वर्षं काढली. प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड माझ्याकडे असायचं, भोक पाडून पितळी सळईत ओवलेलं. पुस्तक हवं असेल त्याने आधी माझ्याकडे यायचं, खण ओढायचा, बोटाने कार्डं चाळायची. शाळेतली मुलं यायची, वकील यायचे, चष्मा विसरलेले म्हातारे डोळे बारीक करून उभे राहायचे. नवे पाहुणे आले की ग्रंथपाल त्यांना आधी माझ्यासमोर आणायचे आणि म्हणायचे, “हिला विचारल्याशिवाय इथलं पान हलत नाही.” मग संगणक आला. चार दिवसांत मला उचलून जिन्याखाली नेलं. माझ्या डोक्यावर ओल्या छत्र्या ठेवू लागले. एकाने तर सर्वांत वरच्या खणात अर्धा खाल्लेला पाव ठेवला आणि विसरून गेला. त्या पावाचं पुढे काय झालं ते मी सांगणार नाही.

तिथून मला बाईंनी सोडवलं. बाई म्हणजे पूलकऱ्यांच्या गोष्टी लिहिणाऱ्या लेखिका. पण पोट भरायला त्या टपाल कचेरीत पत्रं वेगळी करायचं काम करत. सकाळी दोन तास लिहायचं आणि मग कामावर जायचं, असा त्यांचा नेम होता. त्या एकदा पुस्तक परत द्यायला आल्या, मला जिन्याखाली पाहिलं आणि ग्रंथपालांकडे मला मागितलं. अडगळ जातेय म्हणून ग्रंथपाल खूश झाले.

बाईंचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि मी काही त्यांच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये मावेना. मग मिस्त्रीने दोन मित्र बोलावले आणि मला जिन्याने चढवलं. घामाने निथळत तो म्हणाला, “जन्मभर लोकांच्या लिफ्ट चालू केल्या आणि घरची लक्ष्मी मात्र पाठीवर आणावी लागतेय.” बाई हसून हसून पायरीवर बसल्या. मला कुणी लक्ष्मी म्हणण्याची ती पहिलीच वेळ होती.

आता पूलकऱ्यांविषयी. ज्यांनी पुस्तकं वाचली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बाईंच्या गोष्टीत एक जग आहे. त्या जगात फार पूर्वी पूलकरी नावाचे लोक राहत. ते डोंगरांच्या शिखरांवर शहरं बांधत आणि शिखराशिखरांमध्ये खांबाशिवाय, दोराशिवाय तरंगणारे पूल टाकत. मग एक दिवस ते नाहीसे झाले. आता त्या पडक्या पुलांच्या सावलीत साधी माणसं राहतात आणि पूलकऱ्यांना देव मानून पुलाच्या तुकड्यांना नमस्कार करतात. त्या माणसांतली एक मुलगी पुलावर चढून खरं काय ते शोधायला निघते. चार पुस्तकं झाली तरी ती चढतच होती.

या जगातली एकेक गोष्ट बाई एकेका कार्डावर लिहीत. पूलकरी काय खात, त्यांच्या मुलांचे खेळ कुठले, पुलाचा दगड कुठून येई, सगळं. पहिल्या खणात दगड, सातव्यात खेळ, सतराव्यात पूलकऱ्यांचे विचार. विचार बदलला तर बाई जुनं कार्ड फेकत नसत. त्यांच्या कचेरीत चुकीच्या पत्त्याचं पत्र फाडायची सोय नव्हती. त्याला लावलेल्या चिठ्ठीचा वरचा कोपरा कात्रीने कापून ते बाजूला ठेवायचे, कुणी सांगावं, उद्या धनी यायचा. बाई घरीही तेच करत. कोपरा कापला म्हणजे ते कार्ड बाद. अशी तीनेकशे बाद कार्डं माझ्याकडे होती आणि प्रत्येक बाद कार्डामागे त्याच्या जागी आलेलं करकरीत, चारही कोपरे शाबूत असलेलं नवं कार्ड होतं. ही रीत बाईंनी कुणालाच सांगितली नव्हती. याबद्दल माझा बाईंवरही राग आहे. अहो, घरात एक पोर वाढत होती, तिला तरी सांगायचं होतं.

बाईंना मुलांची पत्रं फार येत. त्यातली निम्मी पत्रं एकच गोष्ट विचारत, ती म्हणजे पूलकरी स्वतःला देव मानत होते का. एका मुलाने लिहिलं होतं की त्यांना जर सगळंच येत होतं, तर ते स्वतःला देव का म्हणाले नसतील, मी तर म्हणालो असतो. बाई हे पत्र वाचून दिवसभर हसल्या. पण उत्तर कुणालाही देत नसत. पाचव्या पुस्तकात कळेल, एवढंच लिहीत.

पहिलं पुस्तक लिहिताना बाईंनी या प्रश्नाचं एक कार्ड केलं होतं. त्यावर होतं, ‘होय, मानत. म्हणून त्यांनी खालच्या लोकांशी बोलणं सोडलं, आणि म्हणूनच ते संपले.’ ते कार्ड सतराव्या खणात चौदा वर्षं राहिलं.

मग मिस्त्री गेला. ताप आला आणि नवव्या दिवशी तो नव्हता. बाई महिनाभर माझ्याकडे फिरकल्या नाहीत. एका सकाळी आल्या, सतरावा खण ओढला, ते जुनं कार्ड सळईतून काढलं आणि त्याचा कोपरा कापला. मग टेबलाशी बसून नवं कार्ड लिहिलं. लिहिताना त्या रडत होत्या. ते कार्ड मला पाठ आहे.

‘नाही. पूल बांधून झाला की बांधणारा त्यावरून पहिला चालत जाई, एकटा, डाव्या खांद्यावर आपल्या हत्यारांची पिशवी घेऊन. बाकीचे काठावर थांबत. तो पलीकडे पोचून हात करी, मग लोक निघत. आपण चुकू शकतो हे ज्याला ठाऊक असतं, तोच पहिला चालतो. स्वतःला देव मानणाऱ्याने दुसऱ्याला पुढे पाठवलं असतं.’

मित्रांनो, हा मिस्त्री होता. लिफ्ट दुरुस्त झाली की तो कुणालाही आत पाय ठेवू देत नसे. आधी मी एक फेरी मारून येतो, म्हणायचा, आणि डाव्या खांद्यावर पिशवी अडकवून एकटाच वरपर्यंत जाऊन यायचा. त्याच्या मुलीने लहानपणी कितीदा तरी दारात उभं राहून त्याची वाट पाहिली होती. बाईंनी त्या माणसाला उचलून पुलावर चालायला लावलं होतं. आता तुम्हीच सांगा, त्या कार्डाची किंमत काय होती?

पाचवं पुस्तक निम्मं झालं आणि बाईंना झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. ऐकू सगळं येत होतं, कळतही सगळं होतं. डोळे पाहिले असते तर कुणालाही समजलं असतं. पण डोळे पाहायला समोर बसावं लागतं.

मुलगी चष्म्याच्या दुकानात नोकरी करून आईचं सगळं करू लागली. तिच्यावर मला फार रागवता येत नाही. दिवसभर ती लोकांच्या नाकावर काचा बसवायची आणि घरी येऊन आईला भरवायची. तिच्याकडे प्रकाशक आला. त्याचा चेहरा हसरा आणि आवाज मऊ. वाचक थांबलेत, आईंचं काम अपुरं राहता कामा नये, आम्ही एक हुशार नवा लेखक पाहिलाय, तो फक्त आईंच्या टिपणांवरून लिहील, असं त्याने समजावलं. मुलीला ते आईवरचे उपकारच वाटले.

नवा लेखक अकरा दिवस आमच्या घरी आला. पहिल्याच दिवशी त्याने माझ्या डोक्यावर चहाचा कप ठेवला, तो डाग अजून आहे. डागाचं मी काही म्हणत नाही. पण या माणसाने माझे वीस-वीस खण एकदम ओढून जमिनीवर पसरले आणि संध्याकाळी हाताला येईल तो खण दिसेल त्या जागी कोंबला. माझ्या सुताराचं कसब असं की सगळे खण सगळीकडे सरकन बसले. एखादा अडला असता, तर त्याला निदान थांबून बघावं लागलं असतं.

आणि कापलेले कोपरे? हा माणूस पुस्तक वाचताना आवडलेल्या पानाचा कोपरा दुमडतो. तेव्हा त्याला वाटलं, कोपरा कापलाय म्हणजे बाईंनी हे निवडून ठेवलंय. तो खूश होऊन मुलीला म्हणाला की आईंनी माझं काम किती सोपं करून ठेवलंय बघा. मग त्याने तीनशे बाद कार्डं तेवढी उतरवून घेतली आणि त्यांवरून पुस्तक लिहायला घेतलं. दोन्ही कार्डं त्याच्या हातात आली होती, ‘होय’चं आणि ‘नाही’चं. ‘नाही’चं त्याने वाचलं, ओठ मुडपले आणि परत खणात टाकून दिलं. मी लाकूड आहे. लाकडाला हात नसतात, तोंड नसतं. त्या क्षणी निदान एखादा खण त्याच्या पायावर पडावा म्हणून मी जीव तोडून प्रयत्न केला, पण सुताराने माझे पाय फार सपाट केले होते.

आता माझ्या रागाचं खरं कारण सांगते. हे अकरा दिवस बाई कुठे होत्या? शेजारच्या खोलीत. खिडकीपाशी, आरामखुर्चीत. मधलं दार उघडं होतं. कार्डं चाळल्याचा आवाज त्यांना ऐकू जात होता. कुठला खण ओढला जातोय हे त्यांना आवाजावरून कळत असणार, इतकी वर्षं त्यांनीच तर ते ओढले होते. नवा लेखक येताना त्यांना हात जोडायचा आणि जाताना हात जोडायचा. देवळात शिरल्यासारखा यायचा आणि देवळातून निघाल्यासारखा जायचा. मधल्या वेळात एकदाही त्याने त्या खोलीत पाऊल टाकून दोन कार्डं त्यांच्यासमोर धरली नाहीत. बाईंचा डावा हात चालत होता. मान हलत होती. होय की नाही, एवढंच तर विचारायचं होतं.

छापलेली, पण अजून बांधणी न झालेली सुटी पानं घरी आली. रविवारी सकाळी मुलगी ती आईला वाचून दाखवू लागली. तेविसाव्या प्रकरणात पूलकरी आले. सोन्याच्या आसनांवर बसलेले, अंगावर सोनं, डोक्यामागे तेज, आणि नव्या पुलाची परीक्षा घ्यायची म्हणून खालच्या माणसांना त्यावर ढकलणारे. आम्हीच देव आहोत, असं ते एकसुरात म्हणाले. बाईंच्या घशातून आवाज निघाला. मुलीला वाटलं, आई दमली. तिने पाणी आणलं. बाईंनी भांडं हाताने उडवून दिलं.

मग बाई काठी टेकत माझ्यापाशी आल्या. सतराव्या जागेचा खण ओढला, तर त्यात मुलांच्या खेळांची कार्डं. पुढचा ओढला, त्यात दगड. बाई जमिनीवर बसल्या आणि एकामागून एक खण ओढून डाव्या हाताने कार्डं उपसू लागल्या. मुलगी वैतागली. आठवड्यातून एकच सुट्टी आणि त्यात हा पसारा. ती आईवर ओरडली आणि खण आत ढकलू लागली. या एका सकाळी मला तिचाही राग आला.

बाई थांबल्या. हातात ‘विचार’वाला खण काही येईना. त्यांनी टेबलाखालची कात्री ओढली आणि ती सुटी पानं जवळ घेतली. डाव्या हाताने कात्री चालवणं सोपं नाही, दोनदा बोट कापलं. त्यांनी सोन्याच्या आसनांच्या पानाचा कोपरा कापला आणि ते पान दूर भिरकावलं. मग गठ्ठ्यातून हाती आलेलं पान त्यांनी स्वतः पूर्वी लिहिलेलं होतं. त्याच्यावरून हात फिरवून ते मांडीवर ठेवलं. तिसऱ्याचा कोपरा कापला, भिरकावलं. चौथं मांडीवर.

मुलगी बघत राहिली. मग तिने जमिनीवर पसरलेलं एक कापलेलं कार्ड उचललं, त्यामागचं शाबूत कार्ड उचललं. दोन्ही आईसमोर धरली. कापलेलं बाईंनी ढकललं, दुसरं छातीशी धरलं. तेव्हा कुठे तिला समजलं. ती माझ्यासमोर बसली आणि एकेक खण मांडीवर घेऊन पूलकरी देव होते का याचं शाबूत कार्ड शोधू लागली. तासाभराने तिला ते कार्ड सापडलं. डाव्या खांद्यावरच्या पिशवीपाशी ती आली आणि तिचं वाचणं थांबलं.

“आई, हे बाबा आहेत,” ती म्हणाली.

बाईंनी मान हलवली. नवऱ्याच्या मरणानंतर या दोघींनी त्याच्याबद्दल असं बोललेलं मी ऐकलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलगी रजा टाकून दोन्ही कार्डं घेऊन प्रकाशकाकडे गेली. तिथे काय झालं ते तिने घरी येऊन आईला सांगितलं, म्हणून मला कळलं. छापखान्यात बांधणी सुरू झाली होती. प्रकाशकाने कार्डं वाचली आणि मऊ आवाजात म्हणाला, “ताई, देव काढून टाकले तर शेवटाला उरतं काय? एक माणूस पुलावरून चालत जातो, एवढंच?” मुलगी म्हणाली, हो, एवढंच. त्यावर त्याने सांगितलं की दुसरी आवृत्ती निघाली तर बघू.

नवा लेखक तिथेच बसला होता. त्याने दोन्ही कार्डं शेजारी ठेवून पाहिली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला चूक कळली, हे मी मान्य करते. मुलीने त्याला विचारलं, अकरा दिवस माझी आई दहा पावलांवर होती, तुम्ही तिला का विचारलं नाहीत?

“मला वाटलं, त्यांना विचारून काय उपयोग,” तो म्हणाला.

हे वाक्य मुलीने सांगितलं तेव्हा बाईंनी डोळे मिटून घेतले. मित्रांनो, चार पुस्तकं तुम्ही सगळे विचारत होतात की पूलकरी स्वतःला देव मानत होते का. अरे, त्या बिचाऱ्यांना कशाला धरता? स्वतःला देव मानणारे आमच्या घरात येऊन, चहा पिऊन, पायपुसण्यावर पाय पुसून गेले. त्यांच्या अंगावर सोनं नव्हतं, एवढाच काय तो फरक.

पुस्तक निघालं. मुखपृष्ठावर सोन्याची आसनं आहेत. खूप खपतंय म्हणे. मुलांची पत्रं येतात, शेवट फार आवडला म्हणून. बाई ती ऐकून घेतात. दुसरी आवृत्तीही निघाली, तीत काहीही बदललेलं नाही.

लेखिकेच्या म्हणून वीस प्रती घरी आल्या. बाईंनी पहिली प्रत मांडीवर घेतली, तेविसावं प्रकरण उघडलं आणि मुलीकडे पेन्सिल मागितली. डाव्या हातात पेन्सिल धरून त्या बसल्या. ‘आम्हीच देव आहोत’ या ओळीखाली त्यांना एकच शब्द लिहायचा होता. पहिल्या अक्षराला पेन्सिल तीनदा सुटून पडली. मुलगी समोर जमिनीवर बसून होती, तिने प्रत्येक वेळी ती उचलून दिली आणि मध्ये एकदाही हात धरला नाही. दुकानात उशीर होतोय म्हणून ती उठली नाही. ऊन खिडकीतून माझ्या पायापर्यंत आलं तेव्हा शब्द पुरा झाला. ‘नाही.’ वाकडा होता, पण वाचता येत होता.

रोज सकाळी एक प्रत, अशा वीस सकाळी गेल्या. त्या वीस प्रती मुलीने पत्र पाठवणाऱ्या मुलांना पाठवल्या. बाकी हजारो प्रतींत तो शब्द नाही. तुमच्या घरातल्या प्रतीत तो नसणारच. तेव्हा आज पेन्सिल घ्या आणि तो तुम्ही लिहा.

आणखी एक सांगते आणि गप्प बसते. माझी धूळ पुसा, मला ओल लागू देऊ नका, असलं काही मी मागणार नाही, मी लाकूड आहे, टिकेन. पण कुणाचं अपुरं राहिलेलं काम तुमच्या हाती आलं आणि तो माणूस म्हातारा असेल, आजारी असेल, त्याला बोलता येत नसेल, तरी दारातून हात जोडून परत फिरू नका. आत जा. त्याच्यासमोर खाली बसा आणि त्याला विचारा. उत्तर यायला अख्खी सकाळ लागली तरी उठायचं नाही.